पहिल्या पंगतीचा वाढपी

“…आणि समोरच्यानं विचारलं, ‘पैसे कुठून आणणार?’ तर मी काय सांगायचं, अक्का?”

अक्का कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

प्राध्यापक वैजनाथ दहिफळे यांचा जीव आता मेटाकुटीला आला होता. सकाळपासून ते हेच विचारत होते आणि सकाळपासून अक्का काही ना काही निवडतच होत्या. आधी तांदूळ, मग मिरच्या, आता कोथिंबीर.

सोनखेडच्या मठात अक्कांना येऊन किती वर्षं झाली हे गावात कुणाला नीट सांगता येत नसे. वैजनाथ पाटीवर पहिली अक्षरं गिरवायला त्यांच्याच पुढ्यात बसला होता. पुढे तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागला, पेपरात लिहू लागला, आणि यंदा विरोधी पक्षानं त्याला विधानसभेचं तिकीटही दिलं. अक्कांच्या लेखी तो अजून वैजूच होता.

आज संध्याकाळी तालुक्याच्या नाट्यगृहात जाहीर वादसभा होती. एका बाजूला सत्ताधारी पक्षाचे जामकर, दुसऱ्या बाजूला हे. विषय, राज्याचा अर्थसंकल्प आणि राज्याच्या डोक्यावरचं कर्ज.

“पहिल्या भागाची मला चिंता नाही,” वैजनाथ म्हणाला. “सरकारनं कर्ज काढलं. त्यातून धरण बांधलं का? नाही. दवाखाने उभारले का? नाही. निवडणूक तोंडावर आली म्हणून सगळं वाटून टाकलं. आता व्याज भरायला नवीन कर्ज. खोटं आहे का यातलं काही?”

“नाही.”

“मग!”

“मग दुसरा भाग काय?”

दुखणं तिथंच होतं.

कालच त्याच्या पक्षाचा जाहीरनामा आला होता. सरकार जे जे देतं ते ते आम्ही दुप्पट देऊ, वर वीजबिल माफ, असं त्यात ठळक छापलं होतं. पैसे कुठून येणार याबद्दल चकार शब्द नव्हता. त्यानं रात्री पक्षाच्या कार्यालयात फोन लावला, तर तिकडचा माणूस जांभई देत म्हणाला, “प्राध्यापक तुम्ही आहात. सांगा काहीतरी.”

ज्या विषयावर आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले, त्याच विषयात आज भर सभेत आपली फजिती होणार, हे वैजनाथला स्वच्छ दिसत होतं. आणि चिडायचं तरी कुणावर?

“म्हणून म्हणतो, अक्का, तुमचं एक वाक्य द्या. लोक तुम्हाला मानतात. शेवटी मी तेवढं म्हणतो आणि खाली बसतो. टाळ्या पडल्या की पुढचं कोण विचारतंय!”

“काल जामकर येऊन गेला.”

वैजनाथ उडालाच. “तो? इथं? कशाला?”

“त्यालाही वाक्यच हवं होतं.”

“दिलंत?”

“म्हटलं, उद्या भंडारा आहे, वाढायला ये.” अक्कांनी देठं बाजूला सारली. “नाही आला. तू आलायस तर उचल बादली.”

“अक्का, मला पाचला निघायचंय! माझं वाक्य…”

“आधी वाढ.”

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. वैजनाथनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

मठात वाढप्यांसाठी एक जुना दस्तूर होता. आधी चुलीपाशी जाऊन कढईत किती आहे ते बघायचं, मग अंगणात जाऊन माणसं किती यायचीत ते बघायचं, आणि मगच पळीला हात लावायचा. वैजनाथनं तो लहानपणीच ऐकला होता. पण आज त्याचा कार्यकर्ता इंगोले मोबाइल सरसावून आधीच पंगतीपाशी उभा होता. “सर, इकडून उजेड चांगला आहे,” असं तो ओरडला, आणि सर कढईकडे न वळता लापशीची भरलेली बादली उचलून सरळ उजेडाकडे गेले.

पहिली पंगत मानाची होती. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, वाड्यावस्त्यांवर ज्यांचा शब्द चालतो असे लोक. मतदारसंघाचा हा पट्टा कुणीकडे झुकायचा ते याच माणसांच्या हातात होतं, आणि आज ही माणसं मांडी घालून, पत्रावळ मांडून त्याच्यासमोर आयती बसलेली होती.

वैजनाथच्या अंगात वारं संचारलं.

“घ्या हो सरपंच, लाजता काय!”

“बस, बस, सर…”

“हात काढा. आज नाही म्हणायचं नाही.”

सरपंचांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. वैजनाथनं बोटांच्या फटीतून लापशी सोडली. पंगत खळखळून हसली. इंगोलेनं फोटो काढला.

“चेअरमनसाहेब, तुम्हाला तर दोन पळ्या.”

“सरकार देईना तेवढं सर देऊ लागले की हो!” चेअरमन म्हणाले.

“घरचंच आहे! पोटभर खा!” वैजनाथ म्हणाला, आणि त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. माणसं तृप्त दिसत होती, आपल्याकडे बघून हसत होती. सभेची धास्तीसुद्धा घटकाभर विरली.

बादली रिकामी झाली की तो चुलीकडे पळायचा, भरून घेऊन परत यायचा. कढईवर द्वारकामावशी होत्या.

“सर, जरा हात आखडून वाढा बरं.”

“मावशी, सणासुदीला काय कंजुषी करता!”

बादली भरली की तो वळलेला असे. मावशींचं पुढचं वाक्य पाठीलाच ऐकू जाई.

मानाची पंगत ढेकर देत उठली. निम्म्या पत्रावळ्यांवर लापशीचे ढीग तसेच होते. दोन माणसांनी त्या भराभरा दुमडल्या आणि गुरांच्या टोपल्यात टाकल्या. वैजनाथनं ते पाहिलं, पण सरपंच त्याचा हात हातात घेऊन “तुमचंच काम करू” असं म्हणत होते, तेव्हा तिकडे लक्ष देण्याची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या पंगतीला बायका बसल्या. वैजनाथ पुन्हा बादली घेऊन हजर. बायकांची मतं तर आता सगळ्याच पक्षांना घरच्या देवासारखी झाली आहेत, त्यामुळे इथं हात आखडण्याचा प्रश्नच नव्हता. तूप, लापशी, पुन्हा लापशी, पुन्हा तूप.

एका बाईनं पत्रावळ मागे ओढली. “पुरे सर. लेकरं यायचीत अजून, त्यांना राहू द्या.”

वैजनाथ मोकळेपणानं हसला.

“त्यांचं त्यांना मिळेल हो. तुम्ही घ्या!”

आणि त्यानं वाढलं.

बायका उठल्या. अंगण झाडून झालं. तोच शाळा सुटली आणि फाटकातून पोरांचा लोंढा आला. दप्तरं भिंतीला लागली, हंड्यापाशी हात धुवायला रेटारेटी झाली, आणि पोरं ओळीनं बसली. त्यांच्यासोबत स्वयंपाक केलेल्या बाया, भांडी घासणारे, पाणी भरणारे. मठाची शेवटची पंगत वर्षानुवर्षं अशीच बसे. तिच्या अगदी टोकाला, सगळ्यात लहान पोरीच्या शेजारी, अक्का बसल्या. त्यांची जागा ठरलेली होती.

वैजनाथ बादली घेऊन चुलीपाशी गेला.

मावशी कढई तिरपी करून उलथन्यानं तळ खरवडत होत्या.

“हे काय?”

“खरवड.”

“आणि लापशी?”

“संपली.”

“संपली म्हणजे? एवढीच केली होती?” वैजनाथचा आवाज चढला. “तुमचा अंदाज कसा चुकतो हो, मावशी? बाहेर एवढी पंगत बसलीय!”

“दरसाल एवढीच करताव, सर. दरसाल पुरती.”

“मग माझ्या आधी वाढायला कोण होतं? त्यानं किती उधळली?”

मावशींनी उलथनं थांबवलं. त्यांनी आधी वैजनाथकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या बादलीकडे.

“आधीबी तुम्हीच होताव की.”

वैजनाथ गप्प बसणारा माणूस नव्हता. त्यानं इंगोलेला हाक मारली.

“फाट्यावरच्या हॉटेलात फोन लाव. म्हणावं, असेल नसेल तेवढी जिलबी ताबडतोब पाठव.”

“पैसे, सर?”

वैजनाथचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. आचारसंहिता लागू होती. उमेदवारानं मतदारांच्या पोरांना जिलबी चारली, असं जामकरच्या माणसांनी उद्या कळवलं तर निवडणुकीचा अधिकारी दारात उभा राहील.

“माझं नाव नको,” तो हळू आवाजात म्हणाला. “मठाच्या नावावर लिहून ठेव म्हणावं. नंतर बघू.”

“मठाच्या?”

प्रश्न इंगोलेचा नव्हता. पंगतीच्या टोकावरून अक्का बोलल्या होत्या. म्हातारीचे कान या वयातही शाबूत होते.

“हो अक्का… म्हणजे तात्पुरतं.”

“मठ म्हणजे कोण रे, वैजू?”

अक्कांच्या शेजारच्या पोरीनं त्यांचा पदर धरला होता. वैजनाथनं इंगोलेला हातानंच फोन लावायची खूण केली, आणि तो बाजूला गेला.

इंगोले कानाचा फोन काढून परत आला. त्याचा चेहरा पडला होता.

“देत नाही म्हणतो, सर. निवडणूक होईपर्यंत उधारी बंद. मागच्या वेळचे सगळ्या पक्षांचे पैसे अजून यायचेत म्हणतो.”

“आपल्याही पक्षाचे?”

“आपले जास्त आहेत, सर.”

वैजनाथनं कपाळावरचा घाम पुसला. वैताग, भूक आणि लाज यांतलं नेमकं काय आपल्याला जाळतंय हे त्याला कळेना. एवढं शिकलेला माणूस, आणि एका कढईचा हिशेब हुकला. हुकला तरी कसा? बघितलीच नव्हती ना ती कढई.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. निघायची वेळ झाली होती. नाट्यगृहात लोक जमू लागले असतील. जामकर येऊन पुढच्या खुर्चीत बसलाही असेल. त्याची जीभ चुरुचुरु चालते, आणि पहिला प्रश्न तो हाच टाकणार, पैसे कुठून आणणार?

वैजनाथ पंगतीपर्यंत गेला. वरण-भात वाढून झाला होता, वांग्याची भाजीही होती. पण एकाही पोरानं घासाला हात लावला नव्हता. मठाच्या भंडाऱ्यात लापशी पडल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नाहीत, हे त्यांना घरून सांगितलेलं होतं. प्रत्येकानं पत्रावळीचा एक कोपरा मोकळा ठेवला होता. अक्कांनीही ठेवला होता.

सगळी पोरं बादलीकडे बघत होती.

“अक्का,” तो खाली वाकून कुजबुजला, “गडबड झाली. चूक माझीच आहे. सभा आटोपली की मी काहीतरी करतो. आता निघू द्या.”

“वाक्य नको तुला?”

वैजनाथनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या सगळ्यातही त्याचे डोळे उजळले, आणि ते उजळले याची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

“द्या, अक्का.”

अक्कांनी हात लांबवून बादलीतली पळी काढली. कडेला चिकटलेला लापशीचा एक कण बोटानं पुसून त्यांनी शेजारच्या पोरीच्या पत्रावळीवर ठेवला. मग पळी वैजनाथच्या हातात दिली, बसल्या जागेवरूनच त्याला खांद्याला धरून वळवलं आणि पंगतीकडे तोंड करून उभं केलं.

हॉर्न पुन्हा वाजला.

एका पोरानं पत्रावळ थोडी पुढे सरकवली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग ओळीनं सगळ्यांनीच.

“अक्का, बादलीत काही नाही,” वैजनाथ म्हणाला. सभा गाजवणारा त्याचा आवाज पहिल्या पोरापर्यंतसुद्धा पोचला नाही.

“दिसतंय.”

“मग करू काय मी?”

“मघाशी करत होतास तेच,” अक्का म्हणाल्या. “कर आग्रह.”