दिशाने दिवा मालवला

गाड्यांना नुकतीच वाचा फुटली होती, तेव्हाची ही गोष्ट. नलूताईंच्या गाडीत रस्ता दाखवणारी नवी वाटाडी आली. चकचकीत पडदा, मधाळ आवाज, नाव दिशा! घाट लागला तशी ती हरखून गेली. निळ्या रेघा, धबधब्यांची चित्रं, पुढच्या वडेवाल्याचा पत्ता... काय दाखवू नि काय नको!

"ताई माझ्यावरून नजर काढतच नाहीत," ती मिरवत म्हणाली.

"तेच तर भय आहे, बाई," समोरची काच म्हणाली. "पूर्वी त्या माझ्यातून बघायच्या."

"जळतेस तू, काचमावशी!"

इतक्यात काच किंचाळली, "अगं, वळणावर मेंढ्या! आणि पुढे कोकरू कडेवर घेतलेली धनगराची पोर!"

"हॉर्नदादा, ओरडा ना!" दिशा घाबरून म्हणाली.

"ताईंनी दाबल्याशिवाय मला कंठ नाही गं!"

ब्रेकही तेच म्हणाला. ताईंची नजर मात्र वड्यांच्या चित्रावर! माणसांशी दिशाला फक्त डावं-उजवंच बोलता येई. आता काय करावं? क्षणात तिने आपला सगळा लखलखाट विझवला. पडदा काळा ठिक्कर!

"अगंबाई, बंद पडली! आता रस्ता मलाच बघायला हवा," म्हणत ताईंनी मान वर केली आणि कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली! पोर दचकली, मग हसली. कडेवरचं कोकरू बॉनेटकडे बघून म्हणालं, "बें!"

घाट उतरेपर्यंत दिशा अंधारीच राहिली. फाटा आला तेव्हा हळूच म्हणाली, "डावीकडे वळा." ताईंनी समोर बघतच गाडी वळवली.

"गोड आहे हो तुझा आवाज," काचमावशी म्हणाली.