येसूची तळी

फार मागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत पाथरवटांची एक वस्ती होती. तिथे हरबा आणि येसू हे दोन भाऊ जाती घडवायचे. थोरला हरबा खालची तळी घडवी, धाकटा येसू वरची. दोन्ही तळ्या एकमेकींवर बसल्या की जातं पुरं व्हायचं.

निरोप आला तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. हरबा टाकीला धार लावत बसला होता. येसूची बायको ठकू गोवऱ्या थापत होती. येसू सकाळीच पलीकडच्या गावी पाटा पोचवायला गेला होता. त्या गावचा एक माणूस अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला, त्याने पागोटं काढलं आणि म्हणाला, "हरबादादा, तुमचा भाऊ खिंडीत बसला. पाणी मागितलं. आम्ही आणेपर्यंत राहिला नाही."

सुतकात पाथरवट टाकी उचलत नाही. बारा दिवस त्या घरात दगडावर घाव पडला नाही. येसूने घडवलेली शेवटची तळी अंगणात मातीवर तशीच पडून राहिली. डोंगरावरच्या अन्नछत्राचं जातं होतं ते. हरबाची खालची तळी आधीच तयार होती.

तेराव्या दिवशी हरबाने येसूची तळी दगडाच्या दोन चिपांवर उचलून ठेवली आणि हातोडीने ठोकली. चांगला काळा पाषाण खणखणतो. ही तळी बद्द वाजली.

काय झालं असेल ते हरबाला लगेच कळलं. मातीवर पडलेला दगड चांगला असला तरी बद्दच वाजतो. येसूने तळी मातीवरच ठोकून पाहिली असणार आणि दोष मातीला दिला असणार.

डोंगर कसा झाला ते त्या वस्तीत लहान पोरंही सांगत. माणूस नव्हता तेव्हा भुई उलली, आतला तापलेला रस वर आला आणि लांबवर पसरला. थरावर थर बसले. थराच्या पोटातला रस सावकाश निवला, त्याचा दगड घट्ट झाला. जात्याला, पाट्याला, उखळाला, घराच्या पायाला तोच लागतो. वरचा रस घाईत निवला, त्यात वाफेचे बुडबुडे अडकून राहिले. त्याला जाळीचा दगड म्हणतात. पुढे त्या भोकांत पांढरी गार, म्हणजे गारगोटीसारखे खडे, भरते. असा दगड टाकीला मऊ लागतो. कुंपणाला तो चालतो. दळणाला नाही, कारण जातं फिरू लागलं की गार सुटते आणि पिठात कच येते.

येसूच्या तळीत जाळी होती. नीट पाहिल्यावर दोन-चार पांढरे ठिपकेही दिसले.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "अरे, अन्नछत्रात येतो तो डोंगर चढून येतो. अशी भूक लागलेली असते की दगडसुद्धा चावून खाईल. तू कच काय घेऊन बसलास?"

ठकू दारातून म्हणाली, "दादा, ह्यांच्या हातचं शेवटचं काम आहे. वर जाऊ द्या. लोक जेवतील आणि ह्यांचं नाव घेतील."

"नाव घेतील खरं," हरबा म्हणाला. "कसं घेतील ते आपण आधी बघू."

त्याने दोन्ही तळ्या एकमेकींवर बसवल्या आणि पसाभर ज्वारी ठकूपुढे ठेवली. ठकूने दळलं, भाकरी थापली आणि पहिला घास स्वतःच घेतला. दातांखाली करकर झाली. तिने तो घास शांतपणे चावून गिळला.

"हे म्हणाले असते, मातीमुळे वाजतंय," ती म्हणाली आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली. मग भाकरी बाजूला सारून म्हणाली, "दादा, नवी घडवा. मी दगडावर पाणी मारते."

ठरल्या दिवशी अन्नछत्राचा कारभारी आला आणि तापला. "आता वाटसरूंना काय वाढू, तुमची कारणं?"

"आठ दिवस भात वाढा, कारभारी," हरबा म्हणाला. "मग जे जातं देईन ते तुमच्या नातवालाही पुरेल."

हरबाने थराच्या पोटातला दगड काढला. आठव्या दिवशी नवी तळी चिपांवर चढली, आणि तिचा खणखणाट वस्तीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. जातं न्यायला आलेल्या कारभाऱ्याने विचारलं, "कुणाचं जातं म्हणून सांगू?" हरबा म्हणाला, "येसूचं म्हणून सांगा."

अन्नछत्रातल्या बाया मग त्याला येसूचं जातं म्हणू लागल्या. कुणाच्या घासात कधी कच आली नाही. आसपासच्या गावांतून लोक तसंच जातं मागत आले. ठकू दगड ठोकून पारखायला शिकली, आणि पुढे तिने कान देऊन होकार भरल्याशिवाय हरबा टाकी उचलेनासा झाला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाचं नाव राखायचं असेल, तर त्याची चूक आपणच निस्तरावी.

बद्द निघालेली तळी चुकून कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून पाथरवट ती फोडून टाकतात. येसूची तळी हरबाने फोडली नाही, आपल्याच अंगणात ठेवली.