विरोधाचा दगड

एका रानात एक तळं होतं आणि त्या तळ्याचा एक पक्ष होता. तळ्यावर पाणी पिणारे, तळ्यात राहणारे, तळ्याकाठी नुसतेच ऊन खात बसणारे, सगळ्यांना त्यात जागा होती. सभासदाने सभासदाला खायचं नाही, हा पक्षाचा पहिला नियम. निदान अधिवेशनाच्या दिवशी तरी तो कसोशीने पाळला जायचा. मासे तेवढे कुठल्याच पक्षात नव्हते, आणि ते का नव्हते हे सांगायला नको.

अधिवेशन दरवर्षी वैशाखात भरायचं. वैशाखात बाकीचे पाणवठे आटले की सगळं रान आपोआप या तळ्यावर जमायचं, वेगळं आमंत्रण धाडावं लागायचं नाही. अध्यक्ष होता एक म्हातारा गवा आणि चिटणीस होती टिटवी. पक्षाचे सगळे नियम टिटवीला तोंडपाठ होते. तिने एकदा "शांतता" म्हटलं की पलीकडच्या टेकडीवरचे ससेसुद्धा गप्प बसायचे.

प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली होती. बेडकांची जागा अगदी पुढे, पाण्यालगत. ती दरवर्षी रिकामीच राहायची. "बेडकांना राजकारणात रस नाही," असं सगळे म्हणायचे, आणि त्या जागेवर मोर ऐसपैस पिसारा पसरून बसायचा.

समोर दोन दगड होते. एकावर उभं राहून ठरावाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्यावर उभं राहून विरोधात. दोन्हीकडचं ऐकून झालं की मतदान, तेही शेपटी वर करून. विरोधाच्या दगडावर एका म्हाताऱ्या साळिंदराशिवाय कोणी चढलेलं कोणाला आठवत नव्हतं. वारा गार असावा असा ठराव आला असता, तरी ते साळिंदर कुरकुरत दगडावर चढलं असतं.

त्या वर्षी मात्र अधिवेशनाला वेगळाच रंग चढला होता. कारण होतं एक पाणमांजर. तळ्यात वर्षानुवर्षं गाळ साचून तळं परातीसारखं उथळ झालं होतं. आदल्या उन्हाळ्यात ते पार आटलं, तेव्हा ती आपली तीन पिल्लं घेऊन लांबच्या नदीकडे निघाली. तापलेल्या खडकांवरून ती नदीवर पोचली तेव्हा तिच्या मागे दोनच पिल्लं होती. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, की तळं खोल करायचं.

वर्षभर ती बिळाबिळात आणि झाडाझाडाखाली फिरली. हरणांना तिने समजावलं, वानरांना पटवलं, आणि शेवटी रानडुकरांना राजी केलं. ते महत्त्वाचं होतं, कारण जमीन उकरावी तर रानडुकरांनीच. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काठचा गाळ वाळून भुगा झालाय, बाई. आमची सगळी मंडळी उतरली तर दोन दिवसांत काठ उकरून साफ. तू नुसता ठराव मंजूर करून घे."

अधिवेशनाच्या सकाळी पाणमांजर ठरावाच्या बाजूच्या दगडावर चढली. एकदा बोलायला लागली आणि मग तिला अडवणार कोण. मागच्या उन्हाळ्यातली ती वाट तिने सांगितली, तेव्हा हरणांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काठचा सगळा गाळ उद्याच उकरायचा. पुढच्या वैशाखात आपण इथे चिखल चाटत बसायचं की पाणी प्यायचं, ते आज ठरवा," असं म्हणून ती थांबली आणि सगळं रान दणाणलं. वानरं फांद्या हलवून घोषणा देऊ लागली. मोर नाचायला उठला. इतका उत्साह त्या तळ्याने कधी पाहिला नव्हता.

"विरोधात कोण बोलणार?" टिटवीने विचारलं.

सगळ्यांनी साळिंदराकडे पाहिलं. साळिंदर काटे सावरत म्हणालं, "माझं बीळसुद्धा काठालाच आहे. मलाही पाणी हवंय. यंदा आपला विरोध नाही."

हे ऐकून तर आनंदाला उधाण आलं. साळिंदरसुद्धा बाजूने म्हणजे काय, असं तर पक्षात कधी घडलंच नव्हतं. गवा उठून उभा राहिला. त्यालाही ऊन लागत होतं आणि पाण्यात जाऊन डुंबायचं होतं. तो म्हणाला, "मग ठराव एकमताने मंजूर, असं मी जाहीर..."

"थांबा, अध्यक्ष महाराज," टिटवी कडाडली. "दोन्ही दगडांवरून बोलणं झाल्याशिवाय मतदान नाही. विरोधात कोणीच नसेल, तर ठराव मांडणाऱ्यानेच त्या दगडावर उभं राहून आपल्याच ठरावाविरुद्ध बोलायचं. दगडाशेजारी रोवलेल्या या काठीची सावली जमिनीवरच्या पुढच्या रेघेला टेकेपर्यंत. जुना नियम आहे."

"असा काही नियम आहे?" गव्याने विचारलं.

"आहे. साळिंदरामुळे तो कधी लागलाच नाही."

सगळे हसले. पाणमांजरीलाही हसू आलं. जिंकलेल्या सामन्यात अजून एक खेळी खेळायला कोणाची ना असते? ती टुणकन विरोधाच्या दगडावर चढली.

"मंडळी," ती गंभीर चेहरा करून म्हणाली, "हा ठराव फार वाईट आहे. गाळ उकरला तर रानडुकरांची नाकं मळतील." रानडुकरं गडगडून हसली. "शिवाय पाणी खोल झालं तर मोराला त्यात आपलं रूप इतकं छान दिसेल, की तो घरी जाणारच नाही." मोराने मान वेळावली. वानरं पोट धरून लोळू लागली.

पण सावली अजून रेघेला टेकली नव्हती, आणि तिचे विनोद संपले होते. आणखी काय बोलावं म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. त्या दगडावरून बेडकांची जागा अगदी समोर दिसायची. मोर नाचायला उठल्यामुळे ती मोकळी होती.

"आणि, आणि..." ती शब्द शोधत म्हणाली, "पाणी वाढलं की पावसाळ्यात ते बेडूक आणखी ओरडतील. आधीच त्यांच्या आवाजाने माझ्या पिल्लांना झोप लागत नाही. पहिली सर आली रे आली की काठाच्या चिखलातून एकेक डोकं वर येतं, आणि..."

ती मधेच थांबली.

काठाच्या चिखलातून. दरवर्षी तिने ते पाहिलं होतं. पावसाळ्यात बेडूक कुठून आकाशातून पडत नाहीत. उन्हाळाभर ते त्याच वाळलेल्या गाळात, हातभर खाली, झोपून असतात. आणि तोच गाळ उद्या रानडुकरं सुळ्यांनी उकरणार होती.

तिने सभेकडे पाहिलं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळे पुढच्या विनोदाची वाट पाहत होते. सावली रेघेच्या अगदी जवळ आली होती. ती नुसती खाली उतरली असती, तरी ठराव एकमताने मंजूर झाला असता. पहिल्या रांगेत तिची दोन पिल्लं बसली होती, आपल्या आईकडे एकटक पाहत. तिला तिसऱ्याची आठवण आली. आपल्या पिल्लांसाठी वर्षभर पाय झिजवले, आणि आता आपल्याच तोंडाने ते घालवायचं?

पण बेडकांनाही पिल्लं होती. आणि त्यांचं म्हणणं मांडायला त्या क्षणी त्या दगडावर तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"मंडळी, मी आता चेष्टा करत नाही," ती म्हणाली. "काठच्या गाळात बेडूक झोपलेत. आपण काठ उकरला तर एकही वाचणार नाही. ते आपल्या पक्षाचे सभासद आहेत."

एकच गदारोळ उठला. "हे आता सांगतेस होय, बाई?" रानडुकरांचा म्होरक्या उसळला. "सगळं ठरल्यावर?" एक वानर ओरडलं, "बेडकांना राजकारणात रस असता, तर ते आलेच नसते का अधिवेशनाला?"

"कसे येतील?" टिटवी हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज त्या रानाने पहिल्यांदाच ऐकला. "वैशाखात ते झोपलेले असतात. आणि आपण अधिवेशन वैशाखातच घेतो."

मोराने गुपचूप पिसारा आवरला आणि तो बेडकांच्या जागेपासून लांब जाऊन बसला.

त्यानंतर जी चर्चा झाली, तशी चर्चा त्या पक्षात कधी झाली नव्हती. दोन्ही दगडांपुढे रांगा लागल्या. कधी न बोलणारे ससे बोलले. हरणांमध्ये दोन तट पडले. साळिंदर आधी बाजूने बोललं, मग विरोधात बोललं, आणि खाली उतरल्यावर म्हणालं की इतकी मजा अख्ख्या आयुष्यात आली नाही. पण जसजसा सूर्य वर चढला, तसतसा ठराव पडणार हे दिसायला लागलं. बेडकांना मारून पाणी नको, यावर बहुतेकांचं मत जमत चाललं होतं.

पाणमांजर कोपऱ्यात पिल्लांना कुशीत घेऊन ऐकत होती. तिला बेडकांसाठी बरं वाटत होतं आणि पिल्लांसाठी रडू येत होतं. शेवटी टिटवी म्हणाली, "ठराव मांडणाऱ्याला शेवटचं बोलायचा हक्क आहे. बोलायचंय का?"

ती पुन्हा बाजूच्या दगडावर चढली. "मला ठरावात एकच बदल करायचाय. काठाला हात लावायचा नाही. तळ्याच्या मध्यावर अजून पाणी आहे, तिथे बेडूक झोपत नाहीत. गाळ तिथला काढायचा. एक डोह झाला तरी उन्हाळा निघेल."

"मधला?" म्होरक्याने डोळे वटारले. "वाळलेला काठ उकरणं वेगळं आणि पाण्यात पोटापर्यंत चिखलात उभं राहणं वेगळं. दोन दिवसांचं काम महिन्यावर जाईल. ते आमच्या एकट्यांच्याने व्हायचं नाही."

"एकट्यांनी कशाला?" गवा म्हणाला. डुंबायची घाई तो केव्हाच विसरला होता. "मी आणि माझा कळप पाण्यात उतरून गाळ तुडवून सैल करतो. तुम्ही तो उपसा. पण लांब नेऊन टाकणार कोण?"

म्होरक्याने झाडावर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू उमटलं. "माझीही एक दुरुस्ती लिहून घ्या, टिटवीबाई. ज्यांनी घोषणा दिल्या, त्यांनी गाळ वाहायचा."

वानरं एकदम शांत झाली. बाकी सगळं रान मात्र खो खो हसत होतं.

"बाजूने असणाऱ्यांनी शेपटी वर," टिटवीने पुकारलं आणि ती सभेवरून घिरट्या घालू लागली. काही शेपट्या झटकन वर गेल्या. काही अर्ध्यावर जाऊन घुटमळल्या. वानरांनी एकमेकांकडे पाहिलं, सुस्कारे टाकले, आणि एकेक करत आपल्या लांबलचक शेपट्या उभ्या केल्या. पाणमांजरीची दोन्ही पिल्लं आपापली शेपटी ताणून उभी होती. "पिल्लांच्या शेपट्या मोजल्या जाणार नाहीत," टिटवी वरून ओरडली. दोनदा मोजून झाल्यावर ती खाली उतरली. ठराव थोडक्याच मतांनी, पण मंजूर झाला होता. पाणमांजर मटकन खाली बसली आणि हसत हसत रडली.

काम सोपं गेलं नाही. गवे चिखलात रुतले, रानडुकरं करवादली, वानरं ओळीत उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देताना रोज नवी सबब शोधायची. पण एके दिवशी मधल्या खड्ड्यात खालून बुडबुडे आले. गाळाने बुजलेला झरा मोकळा झाला होता. त्या उन्हाळ्यात काठ वाळले, तळं आकसलं, पण मधला डोह काही आटला नाही. पाणमांजरीला नदीकडे जावं लागलं नाही.

पुढच्या वर्षीचं अधिवेशन वैशाखात नाही, आषाढात भरलं. पुढच्या जागेवर बेडूक दाटीवाटीने बसले होते. गव्याने मोठ्या कौतुकाने पहिला ठराव मांडला, की पाणमांजरीचे आभार मानावेत. "हे तरी एकमताने होऊन जाईल," तो म्हणाला.

"विरोधात कोण?" टिटवीने विचारलं.

"मी," असं म्हणत एक हिरवागार बेडूक उडी मारून विरोधाच्या दगडावर बसला. "मागच्या उन्हाळ्यात आमच्या डोक्यावरून चिखल घेऊन धपाधप येजा चालली होती. झोप झाली नाही कोणाची. आभार मागाहून. आधी पुढच्या खेपेला वाहतुकीची वाट कुठून असावी, ते ठरवा." त्याच्या मागोमाग सगळे बेडूक एकदम बोलू लागले, आणि कोणाचं काय चाललंय हे टिटवीलाही समजेना.

गवा पाणमांजरीच्या कानाशी वाकला. "ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलंस, ते बघ काय बोलतायत. हेच हवं होतं का तुला?"

पाणमांजरीने त्या गच्च भरलेल्या जागेकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते.

"हो, अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, "हेच हवं होतं." आणि बेडकांच्या मागे जाऊन ती विरोधाच्या दगडापुढच्या रांगेत उभी राहिली.

तात्पर्य: सगळ्यांचं एकमत झालंय असं वाटलं, की आधी रिकाम्या जागा पाहाव्यात. तिथे जो असायला हवा होता, त्याचं म्हणणं आपण मांडावं, मग ते आपल्याच विरुद्ध का असेना.