देवांनी भरलेला फोन

बटणांचे फोन मागे पडून काचेचे फोन घरोघर आले, तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या फोनमध्ये त्यांच्या वारलेल्या यजमानांचा आवाज होता. "द्वारके, जेवून घे गं, मला उशीर होईल." त्यांच्या फोटोवर बोट ठेवून काकू तो रोज ऐकत. फोनही त्याला जिवापाड जपे.

पण रोज सकाळी 'शुभ सकाळ' म्हणत देवांची चित्रं येत. देव पुसायचा कसा, म्हणून काकू एकही काढत नसत. फोन भरत गेला, कण्हू लागला.

"अरे, सांग की त्यांना!" चार्जर म्हणाला.

"रोज सांगतो बाबा. जागा संपली, जपायचं ते दुसरीकडे ठेवा. त्या 'नंतर' दाबतात."

"मग तूच टाक चार देव बाहेर!"

"मालकिणीच्या बोटाशिवाय मला काही पुसता येत नाही. आणि बोट लागलं, तर अडवताही येत नाही."

एके दिवशी फोन पार अडला. काकू नाइलाजानं पुसायला बसल्या. देवांना हात जोडून पुढं सरकल्या. खाली एक करडा चौकोन होता. त्यावर चित्र नव्हतं, नुसते आकडे होते.

"हा कसला कचरा?"

फोन थरथरला. "कायमचं पुसायचं का?" एवढंच त्याला विचारता आलं. काकूंनी 'हो' दाबलं.

तेवढ्याशा जागेनं अडलेला फोन पुन्हा चालू लागला. "बघ, हलकं वाटलं ना?" चार्जर म्हणाला.

संध्याकाळी काकू आवाज शोधू लागल्या. बोट कितीदा वर गेलं, खाली आलं.

"अहो, कुठं गेलात?"

फोनकडे दाखवायला नुसते देव होते.