गुणाजीची ट्रायल

बोरवाडीत गुणाजी नावाचा एक भोळा होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. त्यामुळे त्याचं लग्न काही जमेना. आई रडकुंडीला आली. भावाला म्हणाली, "दादा, याला तुझ्या फोटो स्टुडिओत घे. कामाला लागला तर कोणी पोरगी देईल रे!"

मामा कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचे. पडद्यावर फोटोवर रेघांची जाळी यायची. जाळीचा ठिपका ओढला की वाकडं नाक सरळ! मग पक्का फोटो तयार करायला फुल क्वालिटी लावायची आणि कॉम्प्युटर तासभर घरघरत बसायचा.

पहिल्याच दिवशी, घरघर फार होतेय म्हणून गुणाजीनं कॉम्प्युटर बंद केला. फोटोतले सरपंच नाकापर्यंतच तयार झाले.

"गाढवा!" मामा ओरडले. "चालू कामाला हात लावायचा नाही!"

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी चहाचं दूध वर आलं, सांडलं, करपलं. गुणाजी हाताची घडी घालून बघत उभा. चालू कामाला हात कसा लावणार?

"देवा रे! अरे, बिघडताना दिसलं की लगेच बंद करायचं!"

"बरं मामा."

मग एक मास्तर आले. त्यांना फोटोत गाल बारीक हवे होते. मामांनी ठिपके ओढले, तर पडद्यावर मास्तर गोधडीसारखे चौकोनी चौकोनी दिसू लागले. बिघडलं की! गुणाजीनं वायरच उपटली.

मामांनी कपाळाला हात लावला. "बाबा, ती ट्रायल होती. ट्रायलला क्वालिटी कमीच ठेवतात, काम झटपट होतं. समोरच्याला पसंत पडलं की मग फुल करायची. कळलं?"

"कळलं मामा!"

आणि या खेपेला त्याला खरंच कळलं. तिथंच घात झाला.

मामांनी शेजारच्या गावची इंदुमती बघितली. आईनं नवा शर्ट शिवला. म्हणाली, "हे स्थळ हुकलं तर जन्मभर मीच तुला भाकऱ्या थापून घालू का रे?"

आई आणि मामा पुढे गेले. मागून गुणाजी आला. फाटकी बनियन, वाढलेली दाढी, एकाच पायात चप्पल.

मुलीचे वडील दचकले. "हे काय?"

"घाबरू नका, ही ट्रायल आहे. पसंत पडलो की फुल क्वालिटीत येतो."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दाराआड इंदुमती खुदकन हसली. वडीलही हसले. "गमत्या आहे हो पोरगा! आम्हाला पसंत आहे." आईचा जीव भांड्यात पडला.

भरजरी साडी नेसून, गजरा माळून इंदुमती पोहे घेऊन आली आणि लाजून उभी राहिली.

"बोला जावईबापू, मुलगी कशी वाटली?"

गुणाजीनं तिला नीट न्याहाळलं आणि खुशीत म्हणाला, "ट्रायल पसंत आहे! आता हिची क्वालिटी फुल करा. वेळ लागू द्या, आम्ही थांबतो."