नळी गार, पिल्लू गार

एक होतं पालीचं पिल्लू. बोटाच्या पेराएवढं.

ते राहायचं न्हाणीघरात, नळीवर. गच्चीत सोलरची टाकी. उन्हानं तापलेलं पाणी टाकीत दुसऱ्या दिवशीही गरम राहायचं, नळीतून खाली यायचं. नळी तापायची. पिल्लू नळीला पोट लावून निजायचं. त्याला आई नाही, बाप नाही. नळी होती, बस.

एका सकाळी नळी गार!

पोट गार. शेपूट गार.

"चुक चुक! माझी ऊब गेली!"

पालीचं असंच असतं. ऊब गेली की पाय थांबतात. पाय थांबले की संपलं. खोटं कशाला सांगू?

पिल्लू म्हणालं,
"नळीबाई, नळीबाई, ताप ना.
तू तापशील, मी जगेन."

नळी म्हणाली, "मी नाही जा. पाणी येईल तर तापेन."

पिल्लू निघालं. सरसर सरसर. गच्चीत गेलं.

"पाणीदादा, पाणीदादा, ये ना.
तू येशील, नळी तापेल.
नळी तापेल, मी जगेन."

"मी नाही जा. हवा वाटेत बसलीय. हवा सुटेल तर येईन."

नळीच्या पोटात हवा. फुगून बसलेली. ढिम्म!

पिल्लू निघालं. सरसर सरसर.

"हवाबाई, हवाबाई, सुट ना.
तू सुटशील, पाणी येईल.
पाणी येईल, नळी तापेल.
नळी तापेल, मी जगेन."

"मी नाही जा. वर बोळा आहे. बोळा निघेल तर सुटेन."

टाकीपाशी एक उभी नळी होती. हवेनं तिथून बाहेर जायचं. तिच्याच तोंडात फडक्याचा बोळा. घट्ट!

पिल्लू निघालं. सर सर. सर सर.

"बोळ्या, बोळ्या, नीघ ना.
तू निघशील, हवा सुटेल.
हवा सुटेल, पाणी येईल.
पाणी येईल, नळी तापेल.
नळी तापेल, मी जगेन."

"मी नाही जा. सगुणाकाकूंनी कोंबलंय मला. काकू काढतील तर निघेन."

सगुणाकाकू घरच्या मालकीण. शाल पांघरून गच्चीत बसलेल्या. समोर कोहळ्याचे सांडगे वाळत घातलेले.

पिल्लू निघालं. सर सर. सर सर.

"काकू, काकू, काढा ना.
तुम्ही काढाल, बोळा निघेल.
बोळा निघेल, हवा सुटेल.
हवा सुटेल, पाणी येईल.
पाणी येईल, नळी तापेल.
नळी तापेल, मी जगेन."

"मी नाही जा. ती नळी गळते. टप टप! माझे सांडगे भिजतात. सांडगे वाळतील तर काढीन."

"पण काकू, तुम्हाला गरम पाणी नको?"

"या थंडीत कोण न्हातंय! तीन दिवस झाले मला. कुणाला सांगू नकोस."

सांडगे म्हणाले, "आम्ही नाही जा. ऊन पडेल तर वाळू."

ऊन लांब. पिल्लू काकूंच्या मागच्या भिंतीवर चढलं. स...र. स...र. उंच. अजून उंच.

"ऊनदादा, ऊनदादा, पड ना.
तू पडशील, सांडगे वाळतील.
सांडगे वाळतील, काकू काढतील.
काकू काढतील, बोळा निघेल.
बोळा निघेल, हवा सुटेल.
हवा सुटेल, पाणी येईल.
पाणी येईल, नळी तापेल.
नळी तापेल, मी जगेन."

ऊन धुक्यामागून म्हणालं, "मी नाही जा. आज धुकं आहे. उद्या ये."

उद्या!

पिल्लाला कुठला उद्या?

एक पाय गार पडला. सुटला.
दुसरा पाय सुटला.
तिसरा सुटला.
"चुक..." म्हणालं पिल्लू.
चौथा सुटला.

टुप्!

पिल्लू पडलं काकूंच्या खांद्यावर.

"अगं बाई, पाल! अंगावर पाल!"

पाल अंगावर पडली की आंघोळ करायची. लगेच. डोक्यावरून. काकूंची आई तेच करायची. आईची आईही तेच करायची. काकू काय सुटतात!

धावल्या न्हाणीघरात. शाल फेकली नळीवर. शालीच्या घडीत पिल्लू. हलेना. डुलेना.

काकूंनी गरम नळ सोडला. खर्र... फुस... थेंब नाही! गार नळ सोडला.

"आई गं! बर्फ!"

मग आठवलं. बोळा!

धप धप धप, काकू गच्चीत.

काकूंनी काढला, बोळा निघाला. फट्!
बोळा निघाला, हवा सुटली. फुस्स्स!
हवा सुटली, पाणी आलं. गुडगुड गुडगुड!
पाणी आलं, नळी तापली.
नळी तापली, शाल तापली.

आणि पिल्लू?

थांबा जरा.

एक पाय हलला.
दुसरा पाय हलला.
तिसरा हलला.
चौथा हलला.

"चुक चुक!"

काकू न्हाल्या. तीन दिवसांनी का होईना, न्हाल्या. मग वर जाऊन सांडगे दोन हात पलीकडे सरकवले. टप टप, टप टप. गळू दे खुशाल! आधीच सरकवायचे होते. पण सुचायला नको?

नळी गरम, पिल्लू गरम.
तुमची गोधडी गरम. निजा आता.