वैऱ्याचं कुत्रं धुण्याची रीत

"दादाला चावलं कोण?"

धुळानं हे आधी तालुक्याच्या डॉक्टरला विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, मनगटाची शीर तुटली, एवढंच कळतं. मग चुलत्याला विचारलं. चुलता म्हणाला, आता विचारून काय? आईनं तर मान फिरवली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लालशाबाबाला विचारलं.

गावाबाहेरच्या तकियात राहणारा हा म्हातारा फकीर. उमेदीत तो पंजाबकडं कुत्र्यांच्या झुंजी लावायचा. मग एकाएकी सगळं टाकून इकडं येऊन बसला. कुत्र्याच्या दातातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, असं आसपासचे धनगर म्हणत.

धुळाच्या एका हातात साखळी होती, दुसऱ्यात कुऱ्हाड. साखळीच्या टोकाला बत्ताशा. रुंद छातीचा, तांबूस पिटबुल. कुण्या बंगलेवाल्यानं माळावर टाकून दिलेलं पिल्लू. सिदानं, धुळाच्या थोरल्या भावानं, मेंढीच्या दुधावर वाढवलं होतं.

बत्ताशा आणि चुलत्याचं राखणीचं कुत्रं चित्र्या मेंढरांच्या वाड्यावर भिडले. सिदा मध्ये पडला. चित्र्या जागीच मेला. सिदा दवाखान्याच्या वाटेवर. बत्ताशा उरला.

"बाबा, ह्याचं तोंड बघा. दात बघा. ह्यानंच केलं, एवढं म्हणा. पुढचं मी बघतो."

"आन न्हाई म्हटलं तर?"

"तुमी न्हाई म्हणायचं न्हाई."

"मग तू विचाराय आला न्हाईस बेटा. सांगाय आलायस."

बत्ताशानं बाबाचे पाय हुंगले आणि उताणा पडून पोट वर केलं. बाबानं त्याचा ओठ उचलला. दाढेमागं बोट सारलं. जबडा मुकाट उघडला.

"लोक म्हणत्यात, ह्याच्या जबड्याला कुलूप आसतंय. दिसतंय का तुला?"

"मग धरल्यालं सोडत का न्हाई?"

"सोडणाऱ्याला कुणी वाढूच दिलं न्हाई. विलायतंत ह्यांच्या वाडवडलांस्नी आधी बैलावर सोडायचे. बैल बंद झालं, मग एकमेकावर. एका खड्ड्यात दोन कुत्री आन त्यास्नी धरणारी दोन माणसं. जे सोडंल ते वाया गेलं. पर माणसाच्या हाताला जे चावंल, ते बी तिथंच संपवायचे. त्याची पिल्लं ठेवायचे न्हाईत."

धुळाच्या हातातली साखळी सैल पडली.

"म्हंजी ह्याच्या रक्तात माणसाला चावणं न्हाई?"

"आसं मी कुठं म्हटलं?"

"बाबा, निम्मं निम्मं बोलू नगा!"

"सिदानं हात कुठं घातला?"

"तोंडात. आमी घालतोच की."

धनगरांची रीतच ती. दोन राखणीची कुत्री भिडली की धनी सरळ तोंडात हात घालतो. हाताची चव ओळखून कुत्रं सोडून देतं. सिदानं लहानपणापासून असंच केलं होतं. कधी खरचटलंही नव्हतं.

"तुमच्या कुत्र्याला धन्याचा हात कळतो," बाबा म्हणाला. "झुंजीत ह्याला काय बी कळत न्हाई. ह्याच्या तोंडाफुडं हात न्यायचा न्हाई. मागनं, कमरंत धरायचं. दुसऱ्या कुत्र्याफुडं मोकळं तर कधीच सोडायचं न्हाई. हे ठावं होतं तुमास्नी?"

"कुणी सांगितलंच न्हाई."

"कुणी विचारलं व्हतं?"

...

धुळानं कुऱ्हाड उचलली.

"लई झालं. दात बघाय सांगितलं, तुमी माझंच माप काढाय लागलाय."

बाबानं त्याला अडवलं नाही. बत्ताशानंही अंग चोरलं नाही. कुऱ्हाडीकडं बघत तो शेपटी हलवत राहिला.

"मार की," बाबा म्हणाला. "पर आधी धू त्याला."

"काय?"

"झुंजीची रीत हाय. पैल्यांदा तू वैऱ्याचं कुत्रं धुवायचं, वैऱ्यानं तुझं. चावणारं कुत्रं मरावं म्हणून कुणी केसाला विष चोळून आणलं आसंल, तर धुणाऱ्याच्या हाताला घावतंय. न धुता कुणी खड्ड्यात उतरायचं न्हाई. तू त्याला वैरी म्हणतोस न्हवं?"

"म्हणतोच!"

"मग हौदात पाणी हाय."

धुळा तणतणत हौदाशी गेला. डाव्या हातानं पट्ट्याचं बकल काढलं, डाव्या हातानंच तांब्या ओतला. उजव्या हातात कुऱ्हाड होती.

"एका हातानं कुत्रं धुवून व्हत न्हाई," बाबा म्हणाला.

धुळानं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

तो घासायला लागला. आधी रागानं, कातडं सोलून काढावं तसा. मग बोटं अडखळली. मानेखाली चार भोकं होती, खपली धरलेली. एक कान मधोमध फाटला होता. काखेत साखळीनं सोलून चट्टा पडला होता. दहा दिवसांत कुणी या कुत्र्याला हात लावला नव्हता. बत्ताशा दातांवर दात दाबून उभा होता. पायांवरून गढूळ, तांबडं पाणी वाहत होतं.

"हे रगात कुणाचं?" धुळानं ओली बोटं वर धरली. "बाबा, ह्याचं का दादाचं?"

"धुणाऱ्यानं रगात बघायचं नसतं. विष बघायचं."

तेवढ्यात तकियाच्या पडक्या भिंतीवरून एक गावठी कुत्रं आत उतरलं.

धुळाच्या हाताखालचं अंग दगड झालं. बत्ताशा भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसता पुढं झुकला. गळ्यात पट्टा नव्हता. ओलं अंग बोटांतून निसटू लागलं. धुळाचा हात सवयीनं त्याच्या तोंडाकडं गेला...

"मागनं!" बाबा ओरडला.

धुळानं स्वतःला त्याच्या पाठीवर झोकून दिलं. कमरेत कवळ घातली, चिखलात गुडघे रोवले. बत्ताशानं त्याला हातभर फरफटत नेलं. धुळानं डोळे मिटून घेतले, पण मिठी सैल केली नाही.

बाबानं काठी आपटली. गावठी कुत्रं आलं तसं भिंतीवरून गेलं.

किती तरी वेळ दोघं तसेच पडून होते. एकाची छाती दुसऱ्याच्या पाठीवर धपापत होती.

"न्हाई सोडला," धुळा पुटपुटत होता. "न्हाई सोडला. ह्या टायमाला न्हाई सोडला मी."

बाबा जवळ येऊन उकिडवा बसला.

"आन त्या टायमाला?"

...

"चुलतभाऊ हसला, बाबा. म्हणला, तुमचं शेरातलं कुत्रं, त्याला गादी घाला. मी म्हटलं, बघायचंय का? दादा लांबनं वरडत व्हता, आरं नगं, धुळ्या, नगं! तवर मी बकल..."



"घावलं?" बाबानं विचारलं.

काय, ते धुळानं विचारलं नाही. खाली घातलेली मान त्यानं नुसती होकारार्थी हलवली.

माघाचा वारा सुटला होता. बत्ताशा थरथरायला लागला. त्याच्या आखूड केसांखाली लोकर नव्हती. धुळानं धुण्याआधी हौदाच्या काठावर टाकलेलं घोंगडं उचललं. ते सिदाचं होतं. त्याचा वास जाईल म्हणून आई ते कुणाला धुऊ देत नव्हती, झटकूही देत नव्हती.

त्यानं त्या घोंगड्यानं बत्ताशाला पुसायला घेतलं. पाठ पुसली, पोट पुसलं. फाटक्या कानाला ते नुसतं टेकवून पाणी टिपलं. पायाचा एक एक पंजा हातात घेऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. मग ते त्याच्या अंगाभोवती गुंडाळून छातीशी गाठ मारली.

स्वतः नखशिखांत भिजलेला, चिखलानं माखलेला धुळा त्याच्यासमोर उभा राहिला.

"धुतलं, बाबा. आता?"

बाबानं भिंतीची कुऱ्हाड उचलली आणि आत चुलीसाठी लाकडं फोडायला निघाला. दारात तो थांबला.

"तुझं झालं. आता खाली बस. धुवायची पाळी त्याची हाय."